मापाची वही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



‘आयुष्यभर स्वतःची वाढ कशी चालू ठेवावी’ या विषयावर बोला, असे मला सांगण्यात आले तेव्हा मी थोडा बिचकलो. असा विषय मोठ्या माणसांनी बोलावा. मी वाशीम जिल्ह्यातला, बी.ए. झालेला, पन्नाशी ओलांडलेला एक कवी. पण मग वाटले, माझी वाढ एकदा पूर्ण थांबली होती आणि ती पुन्हा कशी सुरू झाली हे मला ठाऊक आहे. तेवढेच सांगावे.

शरीराची वाढ विशीत थांबते. ती डोळ्यांना दिसते. मनाची वाढ थांबते तेव्हा मात्र कुठे दुखत नाही, खुपत नाही, म्हणून ती थांबल्याचे कळतही नाही. मला ते रिसोडच्या एका कविसंमेलनात कळले. मी माझी नेहमीची, हमखास टाळ्या घेणारी कविता म्हणत होतो. पहिल्या रांगेतल्या एका तरुणाचे ओठ माझ्या आधी हलत होते. कार्यक्रम संपल्यावर तो भेटायला आला. पाया पडून म्हणाला, “सर, मी आठवीत असताना तुम्ही आमच्या शाळेत हीच कविता म्हटली होती. अजून पाठ आहे.” आता तो पोरगा नोकरीला लागला होता. त्याने कौतुकानेच सांगितले, पण परतीच्या एस.टी.त मी बोटे मोजत बसलो. सहा वर्षांत एकही नवी कविता नव्हती. वाचत होतो ते आपल्याच पंथाच्या चार-पाच कवींचे. नवीन असे काहीच शिकलो नव्हतो.

मग मी सगळे करतात तेच केले. संकल्प सोडले. एक जानेवारीला रोजनिशी सुरू केली, ती एकवीस जानेवारीपर्यंत चालली. इंग्रजी संभाषणाचा वर्ग तीनदा लावला आणि तीनदा सोडला. जुनी पेटी विकत आणली, तिच्यावर आता घरचे कपड्यांच्या घड्या ठेवतात. हे सारे का फसले? एक तर संकल्प माझ्या सवडीपेक्षा मोठे होते. आणि दुसरे म्हणजे, त्या गोष्टींची मला खरी गरज नव्हती. लोक शिकतात म्हणून मी शिकायला निघालो होतो.

गरज घरातच होती, पत्र्याच्या पेटीत. माझे वडील शिंपी होते. अब्बांचे शिक्षण उर्दू शाळेतले, चार इयत्तांचे. गिऱ्हाइकांशी ते अस्सल वऱ्हाडी बोलत, पण लिहीत ते उर्दूतच. आम्हा भावंडांना मात्र त्यांनी मराठी शाळेत घातले. त्यामुळे झाले असे की, मी मराठीत कविता लिहू लागलो आणि घरातली उर्दू मला ऐकून समजे, पण वाचता येत नसे. २००९ साली अब्बा गेले. त्यांच्या दुकानातली एक मापाची वही अम्मीने जपून ठेवली होती. छाती, कंबर, उंची, बाकी, जमा, सगळे उर्दूत. मी ती अनेकदा उघडली आणि चित्र पाहावे तशी पाहून मिटली.

२०२० च्या टाळेबंदीत माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, तेव्हा उर्दू शाळेत पाचवीला होती, घरात कंटाळली होती. मी म्हटले, “मला शिकव.” तिने ते फार मनावर घेतले. रोज संध्याकाळच्या चहानंतर वीस मिनिटे. उजवीकडून डावीकडे लिहायचे, अक्षर जोडले की त्याचे रूप बदलते, ‘ज’च्या जवळच्या एकाच उच्चाराला चार वेगवेगळी अक्षरे. बावन्नाव्या वर्षी माझी बोटे पहिलीतल्या पोरासारखी अडखळत होती. ती लाल पेन घेऊन बसे आणि विचारे, “मामू, नुक्ता कहाँ गया?” ‘खुदा’ लिहिताना वरचा नुक्ता खाली दिला की त्याचा ‘जुदा’ होतो. एका ठिपक्याने देव दुरावतो, हे मला दहा वर्षांच्या मुलीने शिकवले.

इथून मला जे व्यवहारात उपयोगी पडले, ते तुम्हालाही पडेल म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, वेळ थोडा ठेवा, पण तो आधीच्या एखाद्या सवयीला बांधा. “रोज तासभर अभ्यास करीन” हे टिकत नाही. “चहा झाला की वीस मिनिटे” हे टिकते, कारण चहा चुकत नाही. कुणी नमाजानंतर, कुणी देवपूजेनंतर, कुणी शेतातून आल्यावर हातपाय धुतले की बसावे. आधीची सवय नव्या सवयीला हाताला धरून नेते. एखादा दिवस खंड पडला तर दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटे बसू नये. वीसच बसावे. थकबाकी वाढवली की माणूस खातेच बंद करतो.

दुसरी गोष्ट, आपल्यापेक्षा लहान गुरू शोधा. वय वाढते तसे आपल्याला चूक दाखवणारे कमी होत जातात. हाताखालचे बोलत नाहीत, बरोबरीचे भीड धरतात. लहान मुले मात्र भीड धरत नाहीत. मोबाइलवर पैसे कसे पाठवायचे हे नातवाला विचारताना आपल्याला कमीपणा वाटतो, म्हणून आपण “तूच करून दे” म्हणतो. तिथेच आपली वाढ खुंटते. “करून दे” ऐवजी “दाखव, मी करतो” म्हणून पाहा.

तिसरी गोष्ट, चुकांची वही ठेवा. आज काय केले यापेक्षा आज काय चुकले, हे एका ओळीत लिहा. महिन्याने मागची पाने पाहिली की जुन्या चुका गेलेल्या आणि नव्या आलेल्या दिसतात. नव्या चुका होत असतील तर समजावे, गाडी पुढे सरकली आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शिकण्याला स्वतःचे कारण हवे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे छोटे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने. साठ ते नव्वद वयाच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी दोन तास बसू लागल्या. शिकवायला गावातलीच एक सून. शाळा का निघाली? शिवजयंतीला शिवचरित्राचे वाचन व्हायचे, ते आपल्यालाही स्वतः वाचता यावे, असे आज्यांना वाटले म्हणून. वेळ कोणती? घरची कामे उरकल्यानंतरची. वेष गुलाबी का? विधवा झाली म्हणून रंग सोडलेल्या बायकांच्याही अंगावर रंग यावा म्हणून. कारण, वेळ आणि मान या तिन्ही गोष्टी जुळल्या, म्हणून ज्या हातांनी जन्मभर अंगठा उठवला ते हात सही करू लागले.

आपल्या विदर्भातले उदाहरण घ्या. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबा राहत. १९४२ नंतरच्या तुरुंगवासात वेलोरला, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते दक्षिणेच्या भाषा शिकत बसले. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून प्रौढ वयात अरबी शिकले आणि १९६२ साली त्यांचे ‘कुराण-सार’ प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच्या घरात शिरायचे तर त्याच्या भाषेच्या दारातून शिरावे, एवढे साधे कारण त्यामागे मला दिसते. आपण कोणी विनोबा नाही. पण शेजाऱ्याच्या बोलीतले, सणातले, रोजच्या जगण्यातले काही शिकायला विनोबा असावे लागत नाही.

पाचवी गोष्ट, आपले गाव शिका. मी जन्मभर वाशीमच्या परिसरात राहिलो. वत्सगुल्म हे या शहराचे जुने नाव, वाकाटकांची ही राजधानी, एवढे शाळेत पाठ केले होते. पण इथे सापडलेल्या विंध्यशक्ती दुसरा या राजाच्या ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात आणि दानाचा प्रत्यक्ष मजकूर प्राकृतात आहे, हे मी पन्नाशीनंतर वाचले. एकाच ताम्रपटावर दोन भाषा! थोरवी सांगायला एक, व्यवहार सांगायला दुसरी. हे कळल्यापासून पद्मतीर्थाच्या काठावरून जाताना मला हे गाव वेगळे दिसते. आपल्या गावच्या ओढ्याचे, वाड्याचे, दर्ग्याचे, देवळाचे, बाजाराच्या वाराचे कूळ शोधा. या अभ्यासाला फी नाही.

सहावी गोष्ट, एकटे शिकू नका. आमच्याकडे बायका भिशी लावतात. आम्ही सहा मित्रांनी पुस्तकांची भिशी लावली. महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये. ज्याचे नाव निघेल त्याने त्या पैशात स्वतःच्या आवडीची पुस्तके घ्यायची आणि ती सहाही जणांनी वाचायची. आमच्यात एक कृषी केंद्रवाला आहे. त्याच्यामुळे मी मातीवरची पुस्तके वाचली. माझ्यामुळे त्याने कविता वाचल्या, अर्थात कुरकुरत. पैसे गुंतलेले असले की माणूस वाचतो, हा आमचा अनुभव.

आणि ज्याला भिशीही शक्य नाही त्याने गावच्या वाचनालयाची पायरी चढावी. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि त्यामुळे खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांना अनुदान मिळू लागले. ती वाचनालये वाचक नसल्याने ओस पडतात आणि आपण म्हणतो, पुस्तके महाग झाली. अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायचे असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून त्यासाठीच आहे. ज्यांना अक्षरओळखच नाही अशा पंधरा वर्षांवरील सर्वांसाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळाकरिता मंजूर झाला आहे. दारे उघडी आहेत. उंबरठा आपण ओलांडायचा.

आता त्या वहीकडे येतो. छापील उर्दू मला सहा महिन्यांत लागू लागली. अब्बांचे हस्ताक्षर लागायला आणखी आठ महिने गेले. पुष्कळ पाने मापांचीच होती. कुणाचा पायजमा, कुणाचा लग्नाचा कोट, कुणाकडे बारा रुपये बाकी. मात्र शेवटच्या काही पानांवर देवनागरी अक्षरे होती. वेडीवाकडी, मोठमोठी, क ख ग घ. ती मी पूर्वीही पाहिली होती. धाकटी बहीण लहानपणी दुकानात खेळायची, तिनेच गिरवली असणार असे मी धरून चाललो होतो. त्या अक्षरांच्या वर, पानाच्या डोक्यावर, उर्दूत दोन ओळी होत्या. त्या मी आता वाचल्या. अब्बांनी लिहिले होते: पोराची कविता पेपरात आली, गुरुजींकडून वाचून घेतली, पुढची स्वतः वाचीन. खाली साल होते १९८७. पान उलटले तर त्याच वाकड्या अक्षरात माझे नाव होते, अकरा वेळा. शेवटच्या दोन वेळा ते बरोबर लिहिले होते.

मी वही घेऊन अम्मीकडे गेलो. ती म्हणाली, “दुकान बंद करके देर तक बैठते थे. मैं समझी, हिसाब कर रहे हैं.”

श्रोतेहो, मला रडू आले ते अब्बा शिकले म्हणून नाही. ती पहिली कविता छापून आल्यानंतर मी त्यांना पुढची एकही कविता दाखवली नाही. अब्बांना कुठे मराठी वाचता येते, असे मी समजत होतो. बावीस वर्षे माझी कात्रणे माझ्या कपाटात होती आणि अब्बा दहा पावलांवर दुकानात होते. त्यांनी कधी विचारले नाही. शिकलो म्हणून सांगितले नाही. त्यांनी माझी पुढची कविता वाचली की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही.

म्हणून शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो. वाढ स्वतःचीच पाहू नका. आपल्या घरातले माणूस आहे तिथेच थांबले आहे, असे धरून चालू नका. आईला काही नवे कळत नाही, बायकोला त्यात रस नाही, भावाला ते जमणार नाही, असे आपण एकदा ठरवतो आणि पुन्हा तपासत नाही. आज घरी गेलात की कुणाला तरी विचारा, “सध्या तू काय नवे शिकतो आहेस?” उत्तर ऐकून कदाचित चकित व्हाल.

माझी भाची आता मोठी झाली आहे. तिच्याकडे माझी एक वही तपासायला आहे. तीत माझ्या पहिल्या चार उर्दू ओळी आहेत. अजून परत आलेली नाही. लाल पेन बरेच चालले असावे.