माणसं सापडली, आता गोष्ट शोधूया

पुष्कळ नव्या लेखकांना माणूस आधी दिसतो. त्याचं बोलणं, चालणं, हट्ट, सगळं मनात पक्कं असतं. पण पुढे घडणार काय, हे सुचत नाही आणि वही मिटते.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आली, ती व्यक्तिचित्रं होती. १९५५च्या ‘बनगरवाडी’तही माणसांची गर्दी आहे, पण तिथे कादंबरी उभी राहते. एक तरुण मास्तर परक्या धनगरवाडीत येतो, शाळा भरवतो, तालीम बांधायचं मनावर घेतो. या इच्छेमुळे वाडीतली सारी माणसं एकमेकांत गुंततात. आणि मग दुष्काळ येतो.

आता आपल्या गडब गावाकडे या. खाडीकाठी खारबांधाआड भातशेती करणारा एक म्हातारा तुमच्या मनात आहे, असं समजा. त्याला जमीन राखायची आहे. मुलाला ती विकून पेणला गणपतीचा कारखाना काढायचा आहे. दोघांचंही म्हणणं खरं आहे, आणि कथेला हेच हवं असतं. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली, खारं पाणी शेतात शिरलं, की दोघांना त्याच रात्री निर्णय घ्यावा लागतो. म्हातारा बांधावर धावेल. मुलगा मागोमाग जाईल की घरी थांबेल? तो जे करेल त्यातून पुढचा प्रसंग निघेल. मात्र संकट त्याच मातीतलं असू द्या. उगाच आणलेला अपघात वाचकाला लगेच कळतो.

तेव्हा आज वही उघडा आणि एवढंच लिहा: तुमच्या माणसाला काय हवंय, आणि त्याच्या आड कोण येतंय?