बाईंची चुकांची वही



‘तू कॉम्प्युटरवाली, काहीतरी ऑनलाइनवर बोल,’ असा संयोजकांचा हुकूम आहे. म्हणून आपल्या शाळेतल्या आठवीच्या मुलांसाठी मी मूडलवर बीजगणिताचा जो कोर्स उभा केला, त्याबद्दल सांगते. खरं तर दोनदा उभा केला, कारण पहिला आपटला.

मूडल हे शिकवण्यासाठीचं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी २००२ साली त्याची पहिली आवृत्ती आणली. त्यावर कोर्स तयार करणं अवघड नाही. नाव द्यायचं, मांडणी आठवड्यांनुसार की घटकांनुसार ते ठरवायचं, मुलांना आत येण्यासाठी एक परवलीचा शब्द द्यायचा. दोन शनिवार-रविवारांत माझं सगळं तयार! प्रत्येक घटकाला चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, शेवटी दहा प्रश्नांची चाचणी, वेळ वीस मिनिटं.

एका मुलीला दहापैकी तीन मिळाले. नोंद उघडून पाहिली, तर पहिली तीन उत्तरं पटापट दिलेली, तीनही बरोबर, पुढे काहीच नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, मोबाइल वडिलांचा. मध्येच त्यांना फोन आला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले. चाचणीचं घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. वेळ संपली आणि चाचणी आपोआप जमा झाली. ‘मॅडम, मला येत होतं,’ एवढंच ती म्हणाली. ती वेळेची मर्यादा मीच घातली होती, काहीही विचार न करता.

मग गणिताच्या बाईंकडे गेले. बाई समोरच बसल्या आहेत, तेव्हा जपून बोलते. त्यांनी पाच मिनिटं व्हिडिओ पाहिला आणि विचारलं, ‘यात मुलांनी काय करायचं?’ मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी माझे प्रश्न वाचले. विस्तार सूत्र वापरून १०३ चा वर्ग काढायचा होता. उत्तर १०६०९. चुकीचे पर्याय मी उगाच ठोकून दिले होते, १०६०८, १०६१९ असे. ‘असं कुठलंही मूल चुकत नाही गं,’ बाई म्हणाल्या आणि कपाटातून एक जुनी वही काढली. मुलांच्या चुका, वर्षवार. ‘१०००९ लिही, मधलं पद विसरतात. १०३०९ लिही, दुप्पट करायची राहते. २०६ पण लिही, वर्ग म्हणजे दुप्पट समजणारे असतात.’ आपल्या तुकडीच्या पानावर १०००९ समोर ‘जवळपास सगळे’ अशी नोंद आहे, हे जाता जाता सांगते.

मूडलमध्ये प्रत्येक पर्यायामागे वेगळा अभिप्राय लिहिता येतो. आता १०००९ निवडलं की पडद्यावर बाईंचं वाक्य येतं, ‘कागदावर चौरस काढ, बाजू १०० आणि ३ अशी तोड. दोन आयत कुठे गेले?’ मूल पुन्हा प्रयत्न करतं. वेळेची मर्यादा काढून टाकली. व्हिडिओ चार मिनिटांचे केले.

त्या मुलीने नव्या चाचणीत आधी १०३०९ निवडलं, मग १०६०९. म्हणजे तिला येत होतं, पण एक दुप्पट राहत होती, आणि ते मला जुन्या कोर्समध्ये कधीच दिसलं नसतं.

बीजगणिताची वही आता माझ्याकडे आहे. भूमितीच्या सरांकडेही अशीच एक असणार, अशी माझी खात्री आहे. सर, जेवणाच्या सुट्टीत मी तुमच्या शेजारी येऊन बसते.