होशेयाने मोजलेली किंमत



होशेय संदेष्ट्याची पत्नी त्याला सोडून परपुरुषाकडे गेली. त्याने तिला 15 शेकेल रुपे आणि दीड होमर सातू मोजून घरी आणली. धान्य, द्राक्षारस, तेल देणारा देव. इस्राएल लोक मात्र ते बआलाचे देणे मानीत. तरी देवाने त्यांना टाकले नाही.

आपल्या घरात बआल नाही, असे मी समजत असे. माझी मूर्ती होती घराण्याचा लौकिक! तिच्यापायी, माझ्या मनाविरुद्ध लग्न केलेल्या मुलीला सात वर्षे दार उघडले नाही. उपासनेचा रविवार मात्र एकही चुकवला नाही हो! मंडळात होशेयाचा तिसरा अध्याय वाचण्याची पाळी माझ्यावर आली, आणि आवाजच फुटेना. त्या रात्री तिला पत्र लिहिले. उत्तर अजून नाही. तिची खोली झाडून ठेवली आहे.