डायरी मृगापासून

नागपूरला बर्डीवर मिळणारी छापील डायरी जानेवारीत सुरू होते. तेव्हा आपली कपाशीची वेचणी चालू असते. बी-खताचा खर्च मात्र मागच्या डायरीत अडकलेला. आपलं साल ७ जूनच्या सुमारास, मृगात सुरू होतं. म्हणून आपण साधी २०० पानी वही घेऊ, तारखा आपणच घालू. कपाशीची पानं वेगळी, ज्वारीची वेगळी. डवरणी, निंदण, वेचणी, रोजचं रोज लिहू. घरच्या बायामाणसांची मजुरीही लिहू.

२०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभाव जाहीर झाला. त्या हिशेबात घरची मजुरी धरली. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि घरच्या स्थिर भांडवलाचं व्याज सोडलं. तेच दोन रकाने आपल्या वहीत हवेत. उत्पादन खर्चावर भाव मागायचा, तर खर्च आपल्याच अक्षरात पाहिजे.