ट्यूशन नको, वाचायला शिकवणारं माणूस शोधा

(पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या एका अभ्यास मंडळात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते, त्यामुळे माझ्याकडून एखाद्या सिद्धांतावरची मांडणी अपेक्षित असेल. पण आज मला एका फोनबद्दल बोलायचं आहे. हा फोन इथे बसलेल्या बहुतेकांना आलेला आहे. पलीकडून थोरली बहीण बोलत असते, वहिनी असते, नाहीतर चुलतभाऊ. "तू एवढी शिकलीस. आमचं पोरगं चौथीत गेलं तरी त्याला धड वाचता येईना. एखादी चांगली ट्यूशन बघून दे." घरातला पहिला पदवीधर म्हणजे त्या घराचं शिक्षण खातंच. स्कॉलरशिपचा फॉर्म आपण भरायचा, जात पडताळणीला आपण धावायचं, होस्टेल आपण शोधायचं. त्यात ही ट्यूशन.

आपण काय करतो? जवळपासच्या बऱ्या क्लासचं नाव विचारून सांगतो. फी परवडेल ना, एवढं बघतो. माझं म्हणणं असं की इथेच घरातला पैसा आणि पोराची दोन-तीन वर्षं वाया जातात. क्लास गृहपाठ पूर्ण करून घेतो. वाचायला शिकवणं हे वेगळं काम आहे. ते येणारं माणूस वेगळं असतं आणि त्याला ओळखायच्या खुणाही वेगळ्या आहेत.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. वाचता न येणारं पोर हे आपल्याच घरातलं एकटं पोर नाही. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणारा 'असर' अहवाल २००५ पासून निघतो. २०२४ च्या अहवालातही पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नाही. इतक्या मुलांना जे येत नाही, तो एकेका मुलाचा दोष कसा असेल? तरी बोलताना फरक होतोच. सुस्थितीतल्या घरातलं मूल अडकलं की त्याला 'अडचण' असते. आपलं अडकलं की त्याला 'डोकं नसतं'.

पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 'सांस्कृतिक भांडवल' ही कल्पना मांडली. आपल्या भाषेत सांगायचं तर, ज्या घरात तीन पिढ्या पुस्तकं आहेत तिथे शाळेत जायच्या आधीच कुणीतरी मुलाला मांडीवर घेऊन अक्षरांवरून बोट फिरवलेलं असतं. शाळा ते गृहीत धरते आणि पुढे त्यालाच हुशारी म्हणते. आपल्या घरात ती मांडी होती, माया होती, पण आजीला अक्षरं शिकू दिलेली नव्हती. म्हणून वाचायला शिकवणारं माणूस शोधणं ही आपल्यासाठी चैन नाही. जे घरात मिळणं नाकारलं गेलं, ते मिळवण्याचा तो रस्ता आहे.

आता कामाचं बोलू. ट्यूशन शोधण्याआधी पंधरा मिनिटं पोराजवळ बसा. एका कागदावर दहा सुटी अक्षरं लिहा. त्याखाली दहा सोपे शब्द, त्याखाली चार छोटी वाक्यं आणि शेवटी दुसरीच्या पुस्तकातली आठ-दहा ओळींची गोष्ट. असरची चाचणीही साधारण याच पायऱ्यांची आहे. पोर जिथपर्यंत सहज जातं, ती त्याची आजची पायरी. ते चौथीत आहे की सहावीत, हे तेवढ्यापुरतं विसरा.

मग नेमकं कुठे अडतं ते टिपून ठेवा. क, म, ळ वेगवेगळे ओळखतं पण 'कमळ' जुळवता येत नाही? काना येतो पण वेलांटी-उकारात गोंधळतं? 'सूर्य' आणि 'प्रकाश' आले की थांबतं? की सगळं वाचतं, पण इतकं अडखळत की ओळीच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरतं? नंतर तीच गोष्ट तुम्ही मोठ्याने वाचा आणि दोन प्रश्न विचारा. ऐकून नीट उत्तर दिलं, तर त्याची समज शाबूत आहे. अडलंय ते छापील अक्षरापाशी. ऐकूनही उमगत नसेल, तर पुस्तकाची भाषा आणि घरची बोली यांतलं अंतर बघा. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांना हे चांगलं ठाऊक आहे. हिंदी शाळेत निदान लिपी तीच असते. सुरतेत गुजराती किंवा हैदराबादेत तेलुगू शाळेत गेलेल्या मुलाला भाषाही नवी आणि लिपीही नवी. तिथे ती लिपी शिकवू शकणारं आणि मुलाच्या मराठीला न हसणारं माणूस लागेल.

डोळे आणि कान तपासून घ्या. फळा दिसत नाही म्हणून मागे पडलेली मुलं असतात. सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तपासणी होते. ही योजना २०१३ पासून आहे. पथक कधी येणार, हे शाळेत विचारा.

एक उदाहरण घरचंच सांगते. माझ्या बहिणीचा मुलगा तिसरीत असताना एका क्लासला जायचा. महिन्याला सहाशे रुपये. बहीण चार घरची धुणीभांडी करते, तिच्यासाठी ही रक्कम लहान नाही. मुलाची वही बघून कुणीही खूश व्हावं. मोत्यासारखं अक्षर, पानापानावर 'छान'. मी त्याच वहीतलं एक वाक्य घेतलं, शब्दांची जागा बदलून दुसऱ्या कागदावर लिहिलं आणि वाचायला दिलं. त्याला एकही शब्द लागला नाही. चित्र काढावं तशी तो फळ्यावरची अक्षरं काढत होता. आठ महिन्यांत क्लासमध्ये त्याला कुणी वाचायला लावलंच नव्हतं.

आम्ही क्लास बंद केला. वस्तीतच डी.एड. करणारी एक मुलगी होती. तिने त्याच्याबरोबर त्याच पायरीवरची आणखी दोन मुलं घेतली. आठवड्यातून चार दिवस, पाऊण तास. पहिल्या दिवशी तिने पुस्तक उघडलंच नाही. "काल काय झालं ते सांग" म्हणाली. तो म्हणाला, "मामाचा टेम्पो पंचर झाला." तिने ते वाक्य त्याच्याच शब्दांत मोठ्या अक्षरात लिहिलं आणि त्याला वाचायला लावलं. मग त्यातला म घेतला, मा घेतला, त्यापासून मामा, माझा, माळ. पूर्ण मुळाक्षरं आणि पूर्ण बाराखडी पाठ होईपर्यंत ती थांबली नाही. चार-पाच अक्षरं आणि दोन स्वरचिन्हं आली की त्यांतूनच शब्द बनवायचे, वाक्यं बनवायची, वाचायची. पाचेक महिन्यांनी तो दुसरीच्या गोष्टी थांबत थांबत, पण स्वतः वाचायला लागला.

तर शिकवणारीकडे जाल तेव्हा काय बघाल? पहिलं, ती फी सांगण्याआधी पोराला वाचायला लावते का? जिने अजून ऐकलंच नाही, तिला कुठून सुरुवात करायची हे कसं कळणार? दुसरं, तासभर आवाज कुणाचा असतो? एक दिवस मागे बसायची परवानगी मागा. मुलं नुसती फळ्यावरचं उतरवत असतील तर ती वाचायला शिकत नाहीत. तिसरं, पोरं किती आणि कशी बसवली आहेत? पहिली ते सातवीची पंचवीस पोरं एका खोलीत असतील तर तो सांभाळवर्ग आहे. चौथं, महिन्याने विचारल्यावर उत्तर काय येतं? "उकार जमले, आता जोडाक्षरं घेतेय" असं सांगणारी कामाची. "हुशार आहे पण लक्ष देत नाही" हे उत्तर कुठल्याही पोराला चालतं, म्हणून निरुपयोगी. आणि "महिन्यात फाडफाड वाचायला लावतो" अशी हमी देणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा.

पाचवी खूण आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. 'पाणी' लिहिलेलं पोराने 'पानी' वाचलं, तर ते चुकलं का? नाही. त्याने शब्द बरोबर ओळखला आणि आपल्या घरच्या उच्चारात म्हटला. 'पाणी'ला 'पाटी' म्हणालं असतं, तर ती वाचनाची चूक. हा फरक ज्याला कळत नाही, तो शिक्षक दर दोन शब्दांना पोराला अडवतो, वर्ग हसतो आणि पोर तोंड मिटून घेतं. पुढे ते मिटलेलं तोंड 'याला वाचता येत नाही' म्हणून नोंदलं जातं. प्रमाण उच्चार पुढे शिकता येतो. आधी वाचू तर द्या. शिकवणारी आडनाव विचारून मग बोलत असेल, पोराला वेगळं बसवत असेल, त्याच्यासमोर "यांच्या घरात वातावरणच नाही" म्हणत असेल, तर ती कितीही नावाजलेली असो, पोराला त्याच दिवशी घरी आणा.

डिग्रीचं दडपण घेऊ नका. २००१ च्या सुमारास मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम' संस्थेच्या बालसखी कार्यक्रमात वस्तीतल्याच तरुणी मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळात रोज सुमारे दोन तास वेगळं शिकवायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे गुण वाढले आणि जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्यांना झाला. मात्र कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने त्यातला बराचसा फायदा ओसरला होता. म्हणून पोर वाचायला लागलं की शिकवणी लगेच तोडू नका, आणि घरात वाचायला काहीतरी येत राहील असं बघा.

हे ओळखायला आपल्याला नोबेलवाल्यांची वाट बघायची गरज नव्हती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं सांगितलं. त्याच निवेदनात शिक्षकांबद्दलही लिहिलं. शिक्षक शक्यतो त्याच लोकांमधून तयार करा, जे मुलांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा समजून घेतील. आज वस्तीत ट्यूटर शोधताना ही कसोटी जशीच्या तशी उपयोगी पडते.

सगळं नीट करूनही सहा-आठ महिन्यांत पोर पुढे सरकत नसेल, तर डिस्लेक्सियाची शक्यता तपासा. यात बुद्धी कमी नसते. अक्षर आणि आवाज जोडायला मेंदूला जास्त कष्ट पडतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षेत सवलती मिळू शकतात. तपासणी मुलाच्या भाषेत व्हावी, असा आग्रह धरा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणी तयार केली आहे आणि ती मराठीतही आहे. सरकारी रुग्णालयात आधी चौकशी करा. खाजगी तपासणी महाग असते. पैसेवाल्या घरातल्या मुलाला निदान मिळतं आणि आपल्याला 'ढ' हा शिक्का, ही वाटणी आपण मान्य करायची नाही.

आणि ट्यूटर मिळाला म्हणून शाळेला मोकळं सोडू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासणं आणि गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. कलम २८ नुसार शाळेतल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. म्हणजे वर्गात न शिकवून संध्याकाळी पैसे घेऊन शिकवणं बेकायदेशीर आहे. कलम १७ नुसार मारणं आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. पालकांना हे कलम-बिलम माहीत नसतं, अर्ज लिहायला संकोच वाटतो. अर्ज आपण लिहायचा, पोच घ्यायची आणि शाळेत पालकाच्या शेजारी बसायचं. आपल्या डिग्रीचा हाही एक उपयोग आहे.

मुक्ता ही फुल्यांच्या शाळेत शिकलेली मांग समाजातली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिच्या जातीच्या डोक्याबद्दल त्या काळी काय बोललं जात असेल, ते वेगळं सांगायला नको. तिला फक्त शिकवणारं कुणीतरी भेटलं होतं.

या रविवारी घरी फोन करा. घरी जाता येत असेल तर तो कागद तयार करून घेऊन जा. पोराला जवळ बसवा आणि त्याने वाचलेलं मध्ये न टोकता ऐका. मग वस्तीतल्या डी.एड.च्या, बी.ए.च्या पोरींना विचारा, त्यांच्या कामाचे पैसे वेळेवर द्या आणि महिन्याने पुन्हा जाऊन पोराला वाचायला सांगा.

जय भीम, जय जोती, जय सावित्री.