चार पाईप, आईचा नेफा आणि एसटीचं हाफ तिकीट

आजचा विषय ऐकायला एकदम छोटा आहे: स्टॉलवर चित्रं मांडायचा स्टँड. घरी बनवायचा. चित्रं, प्रिंट, बुकमार्क, स्टिकर, जे काही विकत असाल त्यासाठी. तुम्ही म्हणाल, कोडिंग करणारा माणूस सुतारकाम कशाला शिकवतोय? सुतारकाम नाहीच आहे. हॅकसॉने पाईप कापता आला की झालं.

आधी हे लागतं कुठे ते बघू. कॉमिक कॉन २०११ मध्ये दिल्लीत सुरू झालं आणि मग मुंबई-पुण्याकडेही आलं. तिथे चित्रकारांची टेबलांची एक वेगळी गल्लीच असते. डिसेंबरात पुण्याला भीमथडी जत्रा असते. मुंबईत बचत गटांचं महालक्ष्मी सरस असतं, काळा घोडा फेस्टिव्हल असतो. बहुतेक ठिकाणी तुमच्या वाट्याला येतं एक टेबल आणि एक-दोन खुर्च्या. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

आता टेबलावर चित्रं आडवी पसरली, तर ती फक्त टेबलाला पोट लावून उभ्या असलेल्या माणसाला दिसतात. सहा फुटांवरून चालणाऱ्याला काय दिसतं? टेबलक्लॉथची झालर. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे. तिच्या बाहेरच्या फुटपाथवर बसणारे चित्रकार बघा कधी. पंखा नाही, लाइट नाही, पण चित्रं उभी. आपल्याकडे ही अक्कल काही नवीन नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र लोकांसमोर उभं धरूनच गोष्ट सांगत आलेत. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली. कागद उभा राहिला की माणूस थांबतो, एवढं साधं आहे ते.

मग बाजारात तयार स्टँड मिळतात की? मिळतात. पण आमची अडचण वेगळी होती.

माझी धाकटी बहीण अंबाजोगाईला असते, चित्रं काढते. हत्तीखान्याच्या लेण्यांतले हत्ती, बीडच्या कंकालेश्वराचं पाण्यातलं देऊळ, नायगावचे मोर. ए-फोरचे प्रिंट काढून विकते. मी पुण्यात. प्रत्येक प्रदर्शनाला एकच गाणं: लोखंडी जाळी, प्लायचे बोर्ड, म्हणजे गाडी हवी, म्हणजे सोबत कोणीतरी हवं. मला सुट्टी नसली की बेत रद्द. गाडी भाड्याने केली की विक्रीतले पैसे डिझेलमध्ये. आणि आईचं पालुपद, "एवढं लटांबर घेऊन लेकरू कुठं उतरंल?" एका प्रदर्शनात तर टेबलाचं भाडं वेगळं आणि मागच्या बोर्डाचं वेगळं. दोन दिवसांच्या बोर्डाच्या भाड्यात आमचा अख्खा स्टँड होऊन वर चहा झाला असता. नाव नाही घेत, पुन्हा तिथे जायचंय.

शेवटी ती एकदा फोनवर म्हणाली, "दादा, स्टँड चांगला दिसंल का ते सोड. तो घेऊन मला एकटीला जाता येईल का, ते सांग."

आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत याला रिक्वायरमेंट म्हणतात, आणि इतकी स्वच्छ रिक्वायरमेंट मला ऑफिसात कधी मिळालेली नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च निम्मा, पण अट अशी की सामान हातात मावलं पाहिजे. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरला रेल्वेही सुरू झाली, इतकी वर्षं वाट बघून. पण अंबाजोगाईहून निघणाऱ्याला अजून एसटीच जवळची.

तर डिझाइन ऐका. वायरिंगवाला पीव्हीसी पाईप घ्यायचा, २५ एमएम. दुकानात 'हेवी' म्हणून मागा. हलका पाईप उन्हात वाकतो. एक पाईप ३ मीटरचा येतो. आपल्याला तीन चौकटी करायच्या आहेत, देवघरामागच्या घडीच्या पार्टिशनसारख्या, एकमेकींना जोडलेल्या. नागमोडी उभ्या केल्या की त्यांना वेगळे पाय लागत नाहीत.

एका चौकटीला आडवे तुकडे तीन: वर, मध्ये, खाली. उभे तुकडे चार, कारण मध्ये टी जोडल्यामुळे प्रत्येक बाजूचे दोन भाग होतात. उभा तुकडा ४५ सेंटीमीटरचा. आडवा ५८ चा. आता ५८ का, सरळ २ फूट का नाही? २ फूट म्हणजे ६१ सेंटीमीटर, आणि एका पाईपमध्ये असे चारच बसतात. ५८ चे पाच बसतात. एकूण नऊ लागतात, म्हणजे दोन पाईपमध्ये काम झालं. उभे बारा, एका पाईपमध्ये सहा, तेही दोन पाईप. चार पाईप, बारा एल्बो, सहा टी. खेळ खल्लास. मला स्वतःला हे तीन सेंटीमीटर फार आवडलेत, माफ करा.

सगळ्यात लांब तुकडा ५८ सेंटीमीटर, म्हणजे अख्खा स्टँड बाजाराच्या मोठ्या पिशवीत मावतो. कापडासकट वजन ३ किलोच्या आसपास. आमचा खर्च साडेआठशे रुपये. सोल्यूशनने काहीही चिकटवायचं नाही, नाहीतर घडी गेली. सांधे नुसते दाबून बसवायचे. सैल वाटला तर पाईपच्या टोकाला चिकटपट्टीचा एक वेढा द्यायचा. चौकटी एकमेकींना सुतळीने किंवा वेल्क्रोने बांधायच्या.

पाठीमागे कापड हवंच, नाहीतर शेजारच्या स्टॉलवरचे पापड तुमच्या चित्रामागून दिसतात. आम्ही मांजरपाट घेतला. आईने वर आणि खाली नेफा शिवला, परकराला नाडीसाठी असतो तसा, आणि पाईप त्यातून ओवला. खिळा नाही, पिन नाही, कापड ताणून बसतं. ही आयडिया आईची. लटांबर म्हणणारी आई शिलाई मशीनवर बसली म्हणजे अर्धी परवानगी मिळालीच.

उंची बघा. टेबल साधारण अडीच फूट, त्यावर आपला तीन फुटांचा स्टँड. गॅलरीवाले चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांच्या आसपास ठेवतात, म्हणजे पावणेपाच फूट. आपली वरची ओळ जवळपास तिथेच येते. एका चौकटीत ए-फोरची चार चित्रं, तीन चौकटींत बारा. बहिणीकडे चाळीस होती आणि तिला चाळीसही लावायची होती. माझं स्पष्ट मत आहे, बाराच लावा. बाकीची पुढ्यात अल्बममध्ये ठेवा. लोकांना चाळायला आवडतं, आणि चाळणारा माणूस टेबलाशी टिकतो. काचेची फ्रेम मात्र नको. ए-फोरची नुसती काच तीनशे ग्रॅमच्या वर जाते, आणि जाड कागदाचा प्रिंट विसाच्या आत. कपड्यांचे चिमटे आणि सुतळी पुरतात, फक्त चिमट्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा, नाहीतर कागदावर वळ उठतो.

आता वारा. हॉलमध्ये प्रश्न नाही, पण मैदानात हे कापड म्हणजे शीड. ताशी ३० किलोमीटरचा वारा या कापडावर साधारण ७ किलोचा धक्का देतो, आणि स्टँड स्वतः ३ किलोचा. वजन लावावंच लागणार, पण वजन एसटीतून न्यायचं नाही! घरोघरी ५ लिटरचे तेलाचे रिकामे कॅन असतात. चार न्यायचे, तिथे नळावर भरायचे, खालच्या पाईपला सुतळीने बांधून दोन टेबलाच्या पुढून, दोन मागून लोंबकळत सोडायचे. २० किलो झाले. संध्याकाळी पाणी झाडांना. पुढचे दोन कॅन टेबलक्लॉथखाली झाकले जातात, तेलाची जाहिरात होत नाही.

किमती प्रत्येक चित्राखाली लिहा. बरीच माणसं विचारायला लाजतात आणि पुढे निघून जातात. क्यूआर कोड मोठा छापा आणि मधल्या पाईपला लावा, टेबलावर आडवा ठेवू नका. गर्दीत नेटवर्क जातं, तेव्हा सुट्टे पैसे जवळ असू द्या.

ती पहिल्यांदा एकटी आली तेव्हा मी ऑफिसात होतो. दुपारी फोटो आला: स्टँड उभा, बारा चित्रं, बाजूला डबा. जोडायला किती वेळ लागला विचारलं, तर म्हणाली वीस मिनिटं. आता बारा लागतात, कारण तिने प्रत्येक सांध्यावर नेलपॉलिशचे ठिपके दिलेत. लाल चौकट, हिरवी चौकट, जांभळी चौकट. रंगाला रंग जुळवला की झालं, डोकं चालवायचं कामच नाही. तुम्हीही पाईप कापल्या कापल्या हे करून टाका. सगळी मापं खाली लिहून ठेवलीत. चला, भेटू पुढच्या एपिसोडला.