न दुखणारा व्रण

कोलकात्यात एस्प्लनेडहून चौरंगी रस्त्याने दक्षिणेला निघालं, की इंडियन म्युझियमला लागूनच किड स्ट्रीट. तिथल्या सरकारी सिरॉलॉजी संस्थेत व्हीडीआरएल या रक्ततपासणीचं द्रावण तयार होत आलं आहे. ही तपासणी गरमीची, म्हणजे सिफिलिसची.

संसर्गानंतर साधारण 3 आठवड्यांनी जननेंद्रियावर किंवा तोंडात कडक काठाचा व्रण उठतो. तो दुखत नाही, आपोआप भरतो, आणि माणूस निश्चिंत होतो. घात होतो तो इथेच! पुढे तळहातांवर, तळपायांवर न खाजणारे चट्टे येतात. मलमं चोळत बसू नका. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये जा. पेनिसिलिनने आजार बरा होतो. जोडीदाराचीही तपासणी हवीच. कंडोमने धोका बराच कमी होतो, पण व्रण झाकलेल्या भागाबाहेर असला तर संसर्ग होऊ शकतो. गरोदर बाईने तर पहिल्याच भेटीत ही तपासणी करून घ्यावी. वेळेवर उपचार मिळाले तर बाळालाही वाचवता येतं.